रेप्लिका किट कार घरी बांधायची आहे: कोब्रा, स्पीडस्टर की सेव्हन?

साताऱ्याचा_कॉव्हेंट्रीकर

नमस्कार मंडळी. मूळ सातारा, सध्या मुक्काम कॉव्हेंट्री, नोकरी सॉफ्टवेअरची. गेली कित्येक वर्षं डोक्यात किडा आहे की एक स्पोर्ट्स कार स्वतःच्या हातांनी बांधायची. आता घराला सिंगल गॅरेज आहे आणि बायकोची परवानगी (तोंडी) आहे.

बजेट सगळं मिळून वीस हजार पौंड. त्यात किट (जोडायच्या सुट्या भागांचा संच), इंजिन, रंग, टेस्ट, सगळं आलं. अनुभव म्हणाल तर कॉलेजात असताना बुलेटचं इंजिन उतरवून परत चढवलंय, इथे गाडीचे ब्रेक आणि क्लच स्वतः बदललेत. वेल्डिंग येत नाही.

तीन पर्याय डोळ्यासमोर आहेत:
१) एसी कोब्राची रेप्लिका, व्ही-एट इंजिन. लहानपणी पोस्टर होतं, तेव्हापासूनची.
२) पोर्शे ३५६ स्पीडस्टरची रेप्लिका, फोक्सवॅगन बीटलच्या चासीवर. बायकोची पसंती.
३) लोटस सेव्हनच्या धर्तीची, माझदा एमएक्स-५ चे पार्ट वापरून.

उंची सहा फूट एक इंच. मुलगी नऊ वर्षांची, तिला बरोबर घेऊन फिरता यायला हवं. कोणी बांधली असेल तर सांगा, कोणत्या वाटेला जाऊ? कंपन्यांची माहितीपत्रकं वाचून काहीच कळत नाही. सगळेच म्हणतात "साधी हत्यारं आणि थोडा उत्साह पुरे".

टूलरूम_डर्बी

पंत, उत्साह थोडा चालतो, हत्यारं मात्र बरीच लागतात. टॉर्क रेंच, इंजिन क्रेन, चार दणकट एक्सल स्टँड आणि चांगली रिव्हेट गन हे धरूनच चाला. क्रेन भाड्याने मिळते.

मी पिंपरीला टूलरूममध्ये उमेदवारी केलेला माणूस, इथे येऊन निवृत्त झालो. एक सेव्हनसारखी स्वतःची बांधली, आणि दोन कोब्रांना दोस्तांच्या गॅरेजात हातभार लावला. त्यामुळे माझं मत सरळ आहे: पोस्टर बघून गाडी निवडू नका, बॉडी बघून निवडा. चासी, सस्पेन्शन, इंजिन ही कामं पुस्तकात बघून जमतात. माणूस अडकतो तो बॉडीपाशी.

कोब्राची बॉडी म्हणजे फायबरचा एक भला मोठा गोलाईदार तुकडा, वर दोन दारं, बॉनेट, डिकी. यातलं एकही झाकण पहिल्या फटक्यात नीट बसत नाही. दाराची फट वर चार मिलिमीटर आणि खाली नऊ, असं घरी येतं. मग बिजागरी सरकवा, कडेला लांबी (पुटी) भरा, घासा, परत लावून बघा. त्यावर रंग, आणि कोब्राच्या गोलाईवर उजेड पडला की घासताना राहिलेली प्रत्येक लाट दिसते. रंगाचं काम बाहेर द्याल तर तुमच्या बजेटचा मोठा लचका तिथेच जाईल. घरी कराल तर फायबरची धूळ अंगात शिरून रात्रभर खाजवत बसाल. तिथेच लोकांची हौस फिटते. जाहिरातींत "अर्धवट बांधलेली, वेळेअभावी विकणे" अशा कोब्रा बघा, बहुतेकींची चासी चाकांवर उभी असते आणि बॉडी प्रायमरमध्ये.

सेव्हनचं तसं नाही. बाजू सपाट ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या, रिव्हेट मारून बसवलेल्या. फायबर फक्त नाकाला आणि मडगार्डांना. ते जेलकोटमध्येच (फायबरच्या वरच्या थरातच) रंगीत मागवा, रंगाऱ्याचं तोंड बघायला नको. दारं नाहीत, तेव्हा दाराच्या फटी नाहीत. कॉलिन चॅपमनने १९५७ साली ही गाडी काढली तीच किटमध्ये विकता यावी म्हणून. तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर नाही. १९७३ ला व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली. त्याच वर्षी लोटसने तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे दिले. सांगायचा मुद्दा, ही गाडी मुळात घरच्या गॅरेजात जोडण्यासाठीच जन्मली, नंतर कोणी तिला किट केलेलं नाही.

पैशांचं बोलायचं तर वीस हजारांत नवी व्ही-एट कोब्रा रस्त्यावर येत नाही. जुनं रोव्हर व्ही-एट, जॅग्वारचे जुने एक्सल, रंग स्वतः, असं केलं तरी ओढाताण होईल. एमएक्स-५ च्या सेव्हनमध्ये मात्र हात मोकळा राहील. इथल्या मिठाच्या रस्त्यांमुळे एमएक्स-५ चे सिल (दाराखालचे पत्रे) कुजतात, मागच्या चाकापुढे बोट घातलं तर आत जातं. एमओटीत (इथल्या दरवर्षीच्या तपासणीत) नापास होऊन अशा गाड्या स्वस्तात विकायला येतात. आणि तुम्हाला तिचा पत्रा नकोच आहे. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, ड्राइव्ह मागच्या चाकांना, चारही कोपऱ्यांना डबल विशबोन (चाक धरणारे सस्पेन्शनचे दोन दांडे), सगळं आयतं मिळतं. पूर्वी हेच काम फोर्ड सिएरा करायची, आता ती सापडत नाही.

डोनर, म्हणजे जिचे भाग काढायचे ती जुनी गाडी, घेताना: चालू गाडी घ्या, टोइंगवर आणलेली नको. स्वतः चालवून बघा, गिअर घसरतो का ते तेव्हाच कळतं. चावी आणि इमोबिलायझर सोबत. वायरिंग कापायची घाई नको, प्रत्येक प्लगवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. आणि लॉगबुक (गाडीचं नोंदणीपत्र) जिवापाड जपा. नवी चासी आणि एकाच डोनरचे दोन मोठे भाग, याचा पुरावा दाखवलात तर डीव्हीएलए (इथलं वाहन नोंदणी खातं) डोनरच्या वयाची नंबरप्लेट देते. पुरावा नसेल तर क्यू प्लेट, म्हणजे वय नक्की नसलेल्या गाडीची, आणि ती लागली की विकताना भाव पडतो. पावत्या, फोटो, सगळं एका फायलीत.

स्पीडस्टरबद्दल थोडक्यात. दिसायला देखणी, वहिनींची नजर चांगली आहे. पण बीटलची चासी कापून आखूड केली की गाडीची मूळ ओळख जाते आणि कागदोपत्री वेगळाच खेळ सुरू होतो. वर पन्नास वर्षांचा गंज. वेल्डिंग येत नाही म्हणता, तेव्हा तो नाद सोडा.

आता आयव्हीए. २००९ पासून एकेकट्या गाडीसाठी ही टेस्ट आहे, आणि किट निवडताना सगळ्यात आधी तीच डोळ्यांपुढे ठेवा. मी गेलो त्या दिवशी तपासनीसाने शंभर मिलिमीटरचा गोळा काढला. गोळा जिथे टेकतो तिथे तुमचा हात किंवा चालणाऱ्याचा गुडघा टेकू शकतो, असा हिशोब. टेकलेल्या कडेची गोलाई निदान अडीच मिलिमीटर हवी. विशबोनच्या बोल्टची टोकं, आरशाची दांडी, नंबरप्लेटचा कंस, काही सोडलं नाही. मग गुडघ्यावर बसून डॅशबोर्डखाली हात घातला आणि कडेकडेने बोटं फिरवत गेला, जणू हरवलेलं नाणं शोधतोय. मी आधीच सगळ्या कडांना रबरी पट्टी आणि नटांना प्लास्टिकच्या टोप्या लावल्या होत्या. स्टीअरिंग सोडल्यावर आपोआप सरळ यायला हवं, हलक्या गाड्या तिथे अडकतात. तेव्हा कास्टर (पुढच्या चाकांचा मागे कललेला कोन) ॲडजस्ट करता येतो अशीच चासी घ्या.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्या याच मॉडेलच्या, याच डोनरच्या किती गाड्या आयव्हीए पास झाल्या, आणि त्यातल्या दोघांशी माझं बोलणं करून द्याल का? जो इकडचं तिकडचं बोलायला लागेल त्याला नमस्कार करून निघा.

लीड्सची_काकू

टूलरूम काकांचं सगळं पटतं, पण एक बाजू राहिली म्हणून लिहिते. आमच्या ह्यांनी कोब्राच बांधली. सेव्हन स्वस्त आहे, सोपी आहे, सगळं खरं. पण जानेवारीत, बाहेर शून्याखाली असताना, जेवण झाल्यावर गॅरेजमध्ये जायला माणसाला काहीतरी ओढ लागते. ह्यांना सेव्हनची ओढ कधीच नव्हती. ती बांधायला घेतली असती तर फेब्रुवारीत तिच्यावर कपडे वाळत घातले असते मी.

आम्ही अर्धवट बांधलेलीच घेतली, पैसे वाचले. मात्र घेण्याआधी तीन गोष्टी बघितल्या: चासी नंबरची पट्टी आणि कंपनीची मूळ पावती जुळते का, जॅग्वारचे एक्सल ज्या गाडीतून काढले तिचे कागद आहेत का, आणि इंजिन कोणत्या साली बनलं याचा पुरावा. धुराची टेस्ट इंजिनाच्या वयावर ठरते. जुनं व्ही-एट आहे असं नुसतं सांगून चालत नाही, सिद्ध करावं लागतं.

रेप्लिका म्हणून कोणी नाकं मुरडली तर मनावर घेऊ नका. कॅरोल शेल्बीने १९६२ मध्ये इंग्लंडच्या एसी गाडीत फोर्डचं व्ही-एट बसवलं आणि पुढे सगळ्या मिळून हजाराच्या आसपासच बनल्या. रस्त्यावर दिसते ती जवळपास प्रत्येक कोब्रा रेप्लिकाच असते, आणि बघणाऱ्याला ते माहीत असतं.

एक तक्रार मात्र आहे. बाजूच्या सायलेन्सरला पोटरी लागते. टेस्टसाठी जाळी बसवलीय तरी माझी साडी एकदा भाजलीच. आता मी पँट घालूनच बसते.

उद्यमनगर_०९

राम राम मंडळी, कोल्हापूरहून. वाचून जीव जळाला. आमच्या उद्यमनगरात काय बनत नाही सांगा! चासी वाकवून देतील, फायबर ओतून देतील, विशबोन लेथवर अख्खे तयार करतील. मग इथे का नाही करायचं असं? जुनी एस्टीम घेऊन वर सेव्हनची बॉडी?

चासी_नंबर_पुणे

उद्यमनगर भाऊ, बनवायला कोण अडवतंय, पासिंग कोण करणार? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. मूळ कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावून सांगितलं. नवी गाडी म्हणून नोंदवायची तर नियम १२६ प्रमाणे नमुना एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. ते कारखानदाराचं काम, एका गाडीच्या हौशी माणसाला परवडणारं नाही. विलायतेत आयव्हीए आहे तशी एकेकट्या घरगुती गाडीची सोपी खिडकी आपल्याकडे नाही. आमच्या कॉलेजची पोरं फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी दरवर्षी गाडी बांधतात, अगदी चासीपासून, पण ती ट्रेलरवर जाते आणि ट्रॅकवरच चालते. खाजगी जागेत फिरवायला बनवत असाल तर खुशाल बनवा, एस्टीमचा ड्राइव्ह पुढच्या चाकांना असतो तेवढं ध्यानात ठेवा. सेव्हनसाठी ओम्नीचं इंजिन-गिअरबॉक्स सोयीचं पडेल, त्याचा ड्राइव्ह मागे जातो.

उद्यमनगर_०९

ओम्नीची सेव्हन! दादा, रात्रीची झोप घालवलीत.

साताऱ्याचा_कॉव्हेंट्रीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं वाचून कोब्राकडे परत मन गेलं होतं. पण शनिवारी दोन्ही गाड्यांत बसून आलो. कोब्रात स्टीअरिंग मांडीला घासतं आणि पेडल गिअरबॉक्सच्या बोगद्यामुळे एका बाजूला सरकलेले, कंबर तिरकी करून बसावं लागतं. सेव्हनमध्ये वेगळाच प्रकार, बूट घालून ब्रेक दाबला की ॲक्सिलरेटरही दाबला जातो. तिथल्या गृहस्थांनी बूट काढायला लावले, तेव्हा जमलं. गुडघे डॅशबोर्डखाली अडकतात ते वेगळंच.

स्पीडस्टर बाद केली, घरी थोडा गारवा आहे.

एमएक्स-५ ची सेव्हन जवळपास नक्की. आता दोन शंका. उंचीचं काय करू? आणि मुलीसाठी सीट कशी बसवतात?

टूलरूम_डर्बी

बसून आलात हे उत्तम केलंत, निम्मे लोक ऑर्डर दिल्यावर बसतात.

उंचीसाठी रुंद चासी मागा. केटरहॅमची एसव्ही त्यासाठीच आहे, आणि एमएक्स-५ वर किट देणाऱ्यांतही रुंद चासीवाले आहेत. एमएक्स-५ चं सबफ्रेम तसंच वापरणारी किट आपोआप रुंद होते, कारण मूळ गाडीच रुंद. सीट रुळावर न बसवता थेट तळाला बोल्ट करा, दीड-दोन इंच तिथेच मिळतात. वहिनी चालवणार असतील तर त्यांच्यासाठी पाठीला उशी. पेडलबॉक्स पुढे-मागे होतो का ते विचारा. आणि पातळ तळाचे बूट घ्या, ते सगळेच घेतात.

सिंगल गॅरेजचं मोजमाप आत्ताच करा. सेव्हन मावते, पण दोन्ही बाजूंनी पाना फिरवायला जागा हवी. फ्रीझर, सायकली, दिवाळीच्या सामानाचे खोके तिथे असतील तर माळ्यावर टाका. डोनर मोडायला गॅरेज वापरू नका, ते काम ड्राइव्हवेवर, उन्हाळ्यात, किट येण्याआधी उरकून घ्या. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. उरलेला पत्रा नेताना भंगारवाल्याकडून कागद घ्या आणि डीव्हीएलएला कळवा, मात्र लॉगबुकची प्रत आणि चासी नंबरचा फोटो काढल्याशिवाय ते धूड जागचं हलवू देऊ नका.

मुलीचं: इथे बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, यातलं जे आधी होईल तोवर चाइल्ड सीट लागते. सेव्हनला मागची सीट नाही, पुढे बसवलेली चालते. पण बूस्टर सीट नेहमीच्या थ्री-पॉइंट बेल्टसाठी मंजूर झालेली असते, रेसिंगच्या चार पट्ट्यांच्या हार्नेससाठी नाही. विक्रेता फोटोत छान दिसतो म्हणून हार्नेसच गळ्यात मारेल. तुम्ही डाव्या सीटला थ्री-पॉइंट इनर्शिया बेल्ट मागा, आणि त्याचं खांद्याजवळचं अँकर चासीत आधीच वेल्ड करून द्या असं ऑर्डरमध्ये लिहून घ्या. नंतर ते घरी करता येत नाही.