जुने कॉम्प्युटर फॅन टिकायचे, नवे नुसतेच चमकतात

तेलवाला
कॅबिनेटचे पंखे वर्षागणिक कचकड्याचे होत चाललेत, हे माझं स्पष्ट मत. जुन्या ८० मिमी पंख्याचं मागचं स्टिकर सोलायचं, रबरी बूच काढायचं, मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा, घरघर बंद. फारच वाटलं तर आतली छोटी चकती काढून पातं बाहेर घ्यायचं आणि पुसून परत बसवायचं. आता मागची बाजू सीलबंद. आवाज सुरू झाला की पंखा कचऱ्यात. बेअरिंगवरचा पैसा एलईडीवर गेला, दुसरं काय!

पुशपुल
साफ असहमत. सारखं तेल घालावं लागणं हा गुण कधीपासून झाला? ते स्लीव्ह बेअरिंग होतं. तेल मुरवलेल्या सच्छिद्र बुशमध्ये, म्हणजे धातूच्या नळीत, दांडा फिरायचा, उष्णतेनं तेल उडून जायचं, पंखा आडवा बसवला तर आणखी लवकर. मग एके दिवशी पंखा जाम. नव्या पंख्यांतल्या फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगमध्ये बारीक खाचा असतात, दांडा फिरला की त्या तेलाला धरून ठेवतात. तुम्ही शिव्या घालताय त्या सीलमुळेच ते तेल आत राहतं.

तेलवाला
सगळ्या पंख्यांत ते असतं होय? खोक्यावर 'हायड्रॉलिक' छापायचं आणि आत खाच मारलेलं स्लीव्हच द्यायचं, हे काय नवीन आहे का? आणि डबल बॉल बेअरिंग विसरलात, छऱ्यांवर फिरणारं. आवाज थोडा जास्त, पण उभं-आडवं कसंही बसवा. जाण्याआधी किरकिर करून आगाऊ सूचना द्यायचं बिचारं.

खटपट्या
तेलवाले, तुमच्याकडे चालू आहेत ते उरलेले पंखे. बाकीचे केव्हाच भंगारात गेले, त्यांची आठवण कोण काढतो? एएमडीच्या ॲथलॉन प्रोसेसरच्या काळात ६० मिमीचे सीपीयू फॅन पाच-सहा हजार आरपीएमनं किंचाळायचे. आवाज कमी करायला १२ व्होल्टऐवजी ७ वर जोडायचा जुगाड, आणि त्यावर काही पंखे सुरूच होत नसत. आज चार पिनांचा पीडब्ल्यूएम आहे. मोटरला १२ व्होल्ट मिळत राहतात, वेग २५ किलोहर्ट्झच्या सिग्नलवर ठरतो. १२० मिमीचा पंखा हजार आरपीएमच्या आत निवांत काम करतो.

पात्यांचंही तेच. फिरण्याचा ताण आणि उष्णता यांनी साधं प्लॅस्टिक हळूहळू ताणलं जातं, म्हणून पातं आणि चौकट यांच्यात फट मोठी ठेवावी लागते. नॉक्टुआ या पंख्यांच्या कंपनीनं २०१८ मध्ये एनएफ-ए१२x२५ काढला, त्यात लिक्विड क्रिस्टल पॉलिमर हे कडक प्लॅस्टिक वापरून ही फट ०.५ मिमीवर आणली. याला दर्जा घसरणं म्हणायचं?

धूळखाऊ
सगळ्यात महागड्या पंख्याचं उदाहरण देऊन जिंकायचं, हे बरं आहे. बहुतेक लोक कॅबिनेटसोबत फुकट आलेले पंखे वापरतात, त्यांच्यात नुसती दिव्यांची आरास. माझ्या सेटमध्ये सगळ्या पंख्यांच्या वायरी एका हबला, म्हणजे जोडणीच्या डबीला, आणि कनेक्टर त्याच कंपनीचा. हब गेला. मोटरी ठणठणीत, पण दुसरीकडे जोडता येईनात.

आणि ते खोक्यावर छापलेलं दीड लाख तासांचं आयुष्य! म्हणजे सतरा वर्षं. तेवढी वर्षं पंखा फिरवून कोणी बघितलाय? जास्त तापमानावर चाचणी घ्यायची आणि गणितानं आकडा फुगवायचा. एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला काळ, तर सरासरी. दहा टक्के पंखे कधी बंद पडतात ते सांगणारा एल१० आकडा, तोही कोणत्या तापमानाला, हे खोक्यावर शोधून दाखवा.

पुशपुल
हबबद्दल हात जोडले, तो निव्वळ अडकवण्याचा धंदा. पण त्यात बेअरिंगचा काय दोष? एल१० तर मीही आधी बघतो. इंडस्ट्रियल पंख्यांच्या डेटाशीटमध्ये तापमानासकट सापडतो. घरगुती मालात ज्याची वॉरंटी जास्त तो घ्यावा. कंपनीला स्वतःच्या खिशातून बदलून द्यायचा असतो, त्यामुळे तो आकडा जपून लिहितात.

तेलवाला
वॉरंटीत चालू पंखा काढून कुरिअर करायचा आणि तोवर मशीन उघडं ठेवून बसायचं? त्यापेक्षा बेअरिंग सुटं विका.

पुशपुल
अहो, दांडा आणि बुश यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये असते. घरी टेबलावर बसवलंत तर दुसऱ्या दिवशी घरघर सुरू.

तेलवाला
मग तेल तरी घालू द्या.