'क्रेङ चाय'ला मराठीत काय म्हणाल? भीड की संकोच?

ऑननुटची_सून
मंडळी, एका शब्दावर अडलंय. नवऱ्याच्या नोकरीपायी दीड वर्षापासून बँकॉकात आहोत, ऑन नुट भागात. (गल्लीला इथे 'सोय' म्हणतात, आमच्या सोयीत गाडी लावायची मात्र गैरसोय.) शेजारी साठीच्या एक बाई आहेत, सगळे त्यांना 'पा' म्हणतात म्हणून मीही म्हणते. मागच्या आठवड्यात चिकट भात आणि आंब्याच्या फोडी घेऊन आल्या, महिन्यात तिसऱ्यांदा. मला कसंतरीच झालं, अहो किती करता, नको नको असं हातवारे करून सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, "माय तोङ क्रेङ चाय." मोबाईल पुढे केला. ॲपने मराठीत उत्तर दिलं: "विचारशील असण्याची गरज नाही."
मी दोन दिवस विचार करत बसले की माझं काय चुकलं.
मग क्लासच्या बाईंनी उलगडून सांगितलं. चाय म्हणजे मन, क्रेङ म्हणजे धाक वाटणं. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास नको हे त्यात आलं आणि दुसऱ्याचं मन मोडवत नाही हेही आलं. पा म्हणत होत्या, अगं घे, परकं मानू नकोस. मी वहीत 'भीड' लिहिलं. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, भीड म्हणजे वशिला, भीड घालतात ती. नवरा म्हणतो संकोच लिही. नक्की काय लिहू?

पंतोजी
सासूबाई चूक नाहीत पण अर्ध्याच बरोबर. 'भीड घालणे'मध्ये तो अर्थ आहे, पण 'भिडस्त' माणूस वशिलेबाज असतो का? भीड हाच शब्द. मूळही जुळतं, क्रेङ म्हणजे धाक आणि आपल्याकडे भी म्हणजे भय, त्यावरूनच भीड.

सातारी_तर्री
पंतोजी, हे भी-भय तुमचं घरचं व्युत्पत्तीशास्त्र. मला तर ती 'भिडणे'तली भीड वाटते, डोळ्याला डोळा भिडला की नाही म्हणता येत नाही ती. आमचे आजोबा "भीड भिकेची बहीण" म्हणायचे आणि स्वतः भिडेखातर चार जणांना जामीन राहिले होते.

आगाऊ_आज्जी
दोघंही थांबा जरा. भीड आणि संकोच यात फरक आहे. संकोच मागताना होतो, भीड नाही म्हणताना पडते. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला संकोच वाटतो, आणि तीच शेजारीण भिशीत ये म्हणाली की भिडेपोटी जावं लागतं. सुनबाई सांगतेय त्यावरून थाई शब्दात दोन्ही दिसतंय. मराठीत दोन शब्द लागणार, लिही दोन, वहीत जागा आहे ना?

ऑननुटची_सून
आज्जी, अगदी हेच! क्लासच्या बाई म्हणाल्या होत्या की साहेबांची चूक दाखवायला पण क्रेङ चाय होतं आणि मैत्रिणीला स्टेशनवर सोड म्हणायला पण.

दोन_च_वाला
मूळ मुद्दा ॲपचा आहे, त्यावर कोणी बोलत नाहीये. हे भाषांतर थाईतून मराठीत झालंच नाहीये, मध्ये इंग्रजी बसलीय. चाचणी सांगतो. थाईत आईच्या धाकट्या भावंडाला 'ना' म्हणतात, भाऊ असो की बहीण. म्हणजे मामा नाहीतर मावशी. वडिलांचं धाकटं भावंड 'आ'. आईवडिलांपैकी कोणाचीही मोठी बहीण 'पा', मोठा भाऊ 'लुङ'. तिकडे आधी वय बघतात, आपल्याकडे आधी बाई की पुरुष. आता मी एका मित्राचं वाक्य ॲपमध्ये टाकलं, त्याचा 'ना' हॉस्पिटलात होता. मराठीत आलं, "माझी काकू रुग्णालयात आहे." चांगला मिशीवाला मामा आहे त्याचा! आईकडच्या माणसाला काकू म्हणणारा मराठी माणूस दाखवा. हा इंग्रजी आंटीचा प्रताप.
दुसरं, थाई बाई वाक्याशेवटी 'खा' लावते, पुरुष 'ख्राप'. म्हणजे बोलणारी बाई आहे हे वाक्यातच असतं. मराठीला नेमकं तेच हवं असतं, जाते की जातो. मधल्या इंग्रजीत ते गळून पडतं आणि ॲप सगळ्या बायकांना "मी जातो" करायला लावतं.
अवांतर: चाय मधला च चहातला, चमच्यातला नव्हे.

सातारी_तर्री
ॲपला किती दोष देणार? थाई लिहितात शब्दांमध्ये जागा न सोडता. तीच अक्षरं 'ता-क्लोम' अशी तोडली तर गोल डोळे, 'ताक-लोम' अशी तोडली तर वारा खाणे. माणसालाही मागचंपुढचं बघावं लागतं. आणि बोलून विचारायला जाल तर सूर आडवा येतो, 'क्लाय' एका सुरात जवळ, दुसऱ्या सुरात लांब. रिक्षावाल्याला काय सांगणार?

पंतोजी
मी एक सुचवतो. चाय म्हणजे मन, मग 'मनभीड' असा जोडशब्द का करू नये?

आगाऊ_आज्जी
मनभीड हा आजार वाटतो. डॉक्टर, आमच्या ह्यांना दोन दिवस मनभीड झालीय.

पंतोजी
हसा. सावरकरांच्या 'महापौर'ला आणि 'दिनांक'लाही लोक हसले असतील, आज आपण बिनदिक्कत वापरतो. थायलंडात फोनला 'थोरसाप' म्हणतात, म्हणजे दूर-शब्द. रस्त्यावरचा माणूस म्हणतो! आपला दूरध्वनी मात्र लेटरहेडपुरता राहिला.

दोन_च_वाला
रस्त्यावरचा माणूस नुसतं 'थो' म्हणतो हो. "थो मा" म्हणजे मला फोन कर. शब्दशः बघितलं तर "दूर ये". कितीही संस्कृत आणा, जीभ तिला हवं तेवढंच ठेवते. म्हणून म्हणतो शब्द पाडू नका, आहेत ते वापरा.

ऑननुटची_सून
संस्कृतवरून आठवलं, त्यानेही माझी फजितीच केलीय. अक्षरं आपल्याच क्रमाने आहेत, क वर्ग च वर्ग, म्हणून मला वाटलं अर्धी भाषा फुकट मिळाली. जीवनाला 'चीवित' म्हणजे जीवित, बायकोला 'फनरया' म्हणजे भार्या. मग एक दिवस 'सोङसान' शब्द आला, बाईंनी फळ्यावर लिहिला, अक्षरं लावली तर स-ङ-सा-र. शेवटच्या र चा उच्चार न होतो. म्हटलं हा तर संसार! वाक्य केलं, "मला संसार आवडतो." वर्ग हसला. थाईत सोङसान म्हणजे दया येणे, कीव करणे.

आगाऊ_आज्जी
चूक काय त्यात? माझा संसार बघून कोणालाही दया येईल.

सातारी_तर्री
आज्जी 😂😂 आणि 'फयायाम' म्हणजे प्रयत्न करणे, तो आपला व्यायाम. 'मोहो' म्हणजे चिडणे, तो मोह. 'वातसना' म्हणजे वासना, पण तिकडे अर्थ काय तर नशीब, पुण्याई! "त्यांची वासना मोठी आहे" हे तिकडे कौतुक, इकडे पोलीस केस.

पंतोजी
याचा अर्थ इतकाच की तिकडे मूळ अर्थ बिघडले. व्यायामाचा मूळ अर्थ...

दोन_च_वाला
...मूळ अर्थही श्रम, प्रयत्न असाच आहे, पंतोजी. पाली 'वायाम' बघा, बुद्धाच्या अष्टांगिक मार्गातला सम्मा वायामो. दंडबैठकांत आपणच अडकवला. बिघडवलं कोणी मग?

पंतोजी
दंडबैठका हा श्रमच आहे. अर्थ आकुंचन पावला, बिघडला नाही. फरक असतो.

आगाऊ_आज्जी
म्हणजे आपला तो अर्थसंकोच, त्यांचा तो बिघाड. छान.

ऑननुटची_सून
हे सगळं ठीक आहे हो. पण आज पा परत आल्या होत्या, या वेळी आंबे नव्हते, केळ्याच्या पानातलं काहीतरी गोड होतं. आपल्या पद्धतीने मागची थाळी रिकामी कशी द्यायची म्हणून मी बेसनाचे लाडू घालून परत केली, तर आता त्याच "ओय, क्रेङ चाय" म्हणत मागे सरकल्या. आता ही भीड की संकोच?

सातारी_तर्री
लाडू घेतले का शेवटी?

ऑननुटची_सून
सहाच्या सहा.

पंतोजी
मग भीड.

आगाऊ_आज्जी
लाडू चांगले झाले असतील रे बाबा. पंतोजी, ते संसार आणि दयेचं कसं जुळतं ते सांगा आधी, माझं तिथेच अडलंय.