डीबीत (घरातल्या विजेच्या पेटीत) वेगवेगळ्या कंपन्यांच्या एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारे, म्हणजे 'पडणारे' स्विच): चालवून घ्यायच्या का?

लोकमान्यनगरकर
माझं मत आधीच सांगते: चालवून घेऊ नयेत. आमच्या इंदूरच्या घरी आठ वेची, म्हणजे आठ जागांची डीबी आहे. दोन वर्षांपूर्वी गिझरची एमसीबी गेली, तेव्हा वायरमनने दुसऱ्याच कंपनीची आणून बसवली. एमसीबी अडकवायच्या रेलवर ती छान बसली, झाकणही लागलं. परवा झाकण काढायला लावलं, तर सगळ्या एमसीबींना वीज पोचवणाऱ्या खालच्या बसबार पट्टीचा नेमका त्याच एमसीबीत गेलेला दाता काळा पडलेला आणि वरचं प्लास्टिक तपकिरी झालेलं. शेजारचे सगळे दाते लख्ख तांब्याचे. या एमसीबीचं टर्मिनल (दाता आवळायची जागा) बाकीच्यांपेक्षा जरासं वर आहे, त्यामुळे स्क्रू आवळला तरी दाता पूर्ण आत जात नाही. महाराणी रोडवर दुकानदार बिनदिक्कत सांगतात, 'कोणतीही लावा, सगळ्या सारख्याच.' त्या सारख्या नाहीत.

वायरमन_मालवा
ताई, तुमच्याकडचं काम कच्चं झालंय, ते मान्य. पण त्यावरून सगळ्यांना घाबरवू नका. ३५ मिमीची रेल सगळीकडे तीच, एका पोलची रुंदी साधारण १८ मिमी आणि मानक एकच, आयएस/आयईसी ६०८९८. मे महिन्यात रात्री अकराला घर अंधारात असतं तेव्हा मिळेल ती चांगली एमसीबी लावावीच लागते. खरा घोळ अँपिअरचा असतो. रामबागेत, राजवाड्यामागच्या जुन्या घरांत दीड एमएमच्या (दीड चौरस मिमी जाडीच्या) वायरवर ३२ अँपिअरची एमसीबी दिसते. का, तर 'सारखी पडत होती'. ३२ ची एमसीबी ३६ अँपिअरला तासभर पडत नाही, आणि तिने पडू नये असंच मानक सांगतं. ४६ ला तासाभरात पडायला हवी. भिंतीतल्या पाइपातली दीड एमएमची वायर पंधरा-सोळा अँपिअरची. तोपर्यंत तिचं काय होईल? अशा डीबीत सगळ्या एमसीबी एकाच कंपनीच्या असल्या तरी घर धोक्यातच आहे.

लोकमान्यनगरकर
दादा, अँपिअरचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पण मानकाचा शिक्का त्या एकट्या एमसीबीवर असतो. एका कंपनीची पट्टी आणि दुसरीची एमसीबी यांचा जोड कुठल्याही कंपनीने तपासलेला नसतो. आणि ढिला जोड तापतो तेव्हा करंट वाढतच नाही, मग एमसीबीला कळणार कसं? करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीलाही कळत नाही, कारण गळती नसते. तापून तापून प्लास्टिक जळायला लागेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही. कधी ती झळ आत पोचून एमसीबी उगाच पडते, मग आपण म्हणतो लोड जास्त झाला, मोठी टाका. तुमची ती ३२ ची एमसीबी अशीही येते.

सुदामानगर_गच्ची
माझी अडचण वेगळी. डीबी पंधरा वर्षं जुनी, ते मॉडेलच बंद झालंय. त्याच कंपनीची नवी सिरीज आणली तर तिचंही टर्मिनल जुन्या पट्टीला जुळेना. मग 'एकच कंपनी' या नियमाला अर्थ काय? एका एमसीबीसाठी अख्खी डीबी काढायची? पेन्शनवर चालणाऱ्या घराला हे सांगणं सोपं नाही.

इंदूरकर_न्यूजर्सी
इथे अमेरिकेत पॅनेलच्या दारावर लेबल असतं, कोणत्या प्रकारचे ब्रेकर चालतील ते त्यावर छापलेलं असतं. इथला ब्रेकर थेट बसच्या पट्टीवर दाबून बसवतात, त्यामुळे पकड सैल म्हणजे थेट ठिणगी. दुसऱ्या कंपनीच्या पॅनेलसाठी तपासून प्रमाणित केलेले ब्रेकरही मिळतात, पण ते वेगळे. इथले व्हिडिओ बघून इंदूरच्या डीबीचा निर्णय करू नका, रचनाच निराळी आहे.

वायरमन_मालवा
सुदामानगरवाल्या काकांसाठी: पट्टीत बसत नसेल तर पट्टीच्या भरीला पडू नका. पट्टी त्या जागेच्या आधीच संपवा, उघडं टोक झाका आणि आयसोलेटरपासून (डीबीतल्या मुख्य स्विचपासून) त्या एमसीबीला टोकाला लग (धातूची टोपी) दाबलेली स्वतंत्र वायर द्या. पट्टीचा दाता आणि वायर एकाच टर्मिनलमध्ये कोंबू नका, जळण्याची सुरुवात तिथूनच होते. मी असंच करतो, त्यामुळे दुसरी कंपनी म्हणजे धोकाच, हे मला आजही मान्य नाही. आणखी एक. एमसीबीचा आकडा ३० अंश तापमानाला धरलेला असतो. उन्हाळ्यात तापलेल्या जिन्यातल्या डीबीतली एमसीबी थोडी आधी पडणारच. लोक तेव्हाच मोठी टाकायला सांगतात. मी टाकत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

लोकमान्यनगरकर
स्वतंत्र वायर हा उपाय चांगला. पण तुमच्यासारखं काम करणारे किती? बहुतेक जण दाता वाकवून स्क्रू आवळतात आणि निघून जातात. म्हणून माझा आग्रह कायम: एकच सिरीज, तिचीच पट्टी. आम्ही या रविवारी पट्टीसकट सगळं बदलतोय.

वायरमन_मालवा
बदला, पण आधी गिझरची वायर बघा. अडीच एमएमची असेल तर २० च्या वर जाऊ नका. चारची असेल तर २५ चालेल. एसी आणि मोटरला सी कर्व्ह प्रकारची एमसीबी घ्या, सुरू होताना ओढलेल्या करंटने ती पडणार नाही. आणि काम करताना मीटरजवळचा मेन बंद करायला लावा. डीबीतला आयसोलेटर पाडला तरी त्याच्या मीटरकडच्या टर्मिनलला करंट असतोच.