सासऱ्यांसमोर मुलीच्या शिक्षणाचा विषय कसा काढू?

सुईदोरा

नमस्कार. मी हडपसरला माळवाडीत राहते, घरीच फॉल-पिकोचं काम करते. इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या थोरलीला दहावीला ८४ टक्के पडले, गणितात ९१. निकालाच्या दिवशी आमच्या आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गल्लीभर पेढे वाटले. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मचा भाग एक मी शेजारच्या मुलाकडून भरून घेतला. भाग दोनमध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम टाकायचा असतो, तिथे गाडी अडलीय. आण्णा म्हणाले, "बास झालं आता. लिहितावाचता येतं, हिशेब येतो. घरात राहू दे, तुझ्या हाताखाली शिवण शिकू दे." दौंडकडचं एक स्थळ आलंय. मुलगा २६ चा, आमची १६ ची. आत्ता सुपारी फोडून ठेवू, लग्न पुढे बघू, असं चाललंय. तिची मार्कलिस्ट आणि दाखला आण्णांच्या लोखंडी कपाटात आहे, आणि कपाटाची चावी त्यांच्या करगोट्याला.

आण्णा वाईट नाहीत, हे मला आधी सांगायचंय. ही झाली तेव्हा दवाखान्यात जिलेबी घेऊन आले ते तेच. दरवर्षी वारीला जातात. ३ जानेवारीला शाळेत बालिका दिनाला हिला सावित्रीबाई केलं होतं. माझी नऊवारी मी तिच्या मापाने टाचून दिली, कपाळावर आडवी चिरी काढली. आण्णा पहिल्या रांगेत बसले होते आणि भाषण संपल्यावर उठून टाळ्या वाजवल्या. परवा रात्री ती मला म्हणाली, "आई, त्या टाळ्या मला होत्या का गं?" मला उत्तर देता आलं नाही. हातात एका गिऱ्हाइकाची पैठणी होती, तिचा फॉल तिरका गेला, पुन्हा उसवून घातला.

मी स्वतः सातवीतून शाळा सोडली. दप्तर माळ्यावर टाकलं त्या दिवशी आई चुलीपाशी बसून होती, एक शब्द बोलली नाही. तिची काय अडचण असेल ते आता कळतं. तरी २२ वर्षं झाली, तिचं ते गप्प बसणं माझ्या मनातून जात नाही. माझ्या लेकीने माझ्याबद्दल असं काही धरून ठेवू नये.

सतरा वर्षांत आण्णांशी मी वाढू का, आणखी घेता का, याच्यापलीकडे बोललेली नाही. आमचे हे म्हणतात, बापासमोर मी तोंड उघडणार नाही. मुदत चार दिवसांवर आलीय. पहिलं वाक्य काय बोलू, एवढं तरी कुणी सांगा.

खडूफळा

ताई, मी ३१ वर्षं शिक्षिका होते. आधी व्यवहाराचं बोलते. दहावीची मार्कलिस्ट मोबाइलवर डिजिलॉकर या सरकारी ॲपवर मिळते, कपाट उघडायची वाट बघू नका. दाखला प्रत्यक्ष प्रवेश घेताना लागेल. पसंतीक्रम आजच्या आज टाका, कारण मुदत गेल्यावर आण्णा हो म्हणाले तरी उपयोग नाही.

आता आण्णांचं. लेकीच्या भाषणात भिडेवाडा असेलच. १८४८ मध्ये तिथे जोतीराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा सुरू झाली आणि १८४९ मध्ये गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. म्हणजे सावित्रीबाईंच्या सासऱ्यांनीच. हा भाग आपण पोरींकडून घाईत म्हणून घेतो आणि पुढे जातो. पण गोविंदराव दुष्ट नव्हते हो. जोतीराव लहान असताना लोकांनी कान भरले म्हणून त्यांनी त्यांना शाळेतून काढलं होतं. मग गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी समजावलं, तेव्हा त्यांनीच पुन्हा शाळेत घातलं. लोकांच्या धाकाने त्यांनी मुलाची शाळा सोडवली, आणि चांगलं सांगणारी माणसं भेटली तेव्हा ती पुन्हा सुरूही केली. तुमच्या आण्णांना कोण सांगू शकेल? दिंडीतलं कुणी? शाळेच्या मुख्याध्यापिका? त्यांना आजच फोन करा. निकालानंतर मी अशा कितीतरी घरी जाऊन बसलेय.

आणि पहिलं वाक्य शिक्षणाचं नकोच. "आण्णा, तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते?" असं विचारा आणि त्यांना पुरतं बोलू द्या, मध्ये तोडू नका. घरचे पैशाचं कारण पुढे करतात आणि खोदून विचारलं की रस्त्याची भीती निघते, हे मी फार पाहिलंय. पैशाचंच असेल तर अनुदानित कॉलेजात मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे. पुढे इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या कोर्सला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकारने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलीय. त्यात ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस सगळे येतात.

जुनं खोड

घरातला विषय असा चव्हाट्यावर आणणं मला पटत नाही. सासरे वयस्कर आहेत, त्यांचा मान राखा. मुलगी घरी बसून १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी करू शकते. घरही टिकेल आणि शिक्षणही होईल.

तीन चाकी

काका, १७ नंबरचं मी सांगतो. मी रिक्षा चालवतो. १९९९ ला माझ्या बहिणीला नववीतून काढलं, तेव्हा मी बारावीला होतो. वडिलांनी मला विचारलं होतं, तुझं काय म्हणणं? मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. माझी फी भरली गेली, तिचं लग्न लागलं. तिने ३४ व्या वर्षी १७ नंबरने दहावी दिली. पेपरला मीच सोडायचो आणि पेपर सुटेपर्यंत केंद्राबाहेर थांबायचो, भाडं घ्यायचो नाही. पहिल्या दिवशी हॉल तिकीट धरलेला तिचा हात थरथरत होता. ज्यांची शाळा सुटून गेली त्यांच्यासाठी तो फॉर्म आहे. ८४ टक्केवालीच्या हातात तो कशाला द्यायचा?

ताई, खालचं तुमच्या मिस्टरांना वाचायला द्या.

दादा, माझी पोरगी मध्यंतरी मलालाबद्दल वाचत होती. ९ ऑक्टोबर २०१२ ला शाळेच्या गाडीत शिरून तिला गोळी घातली, २०१४ ला १७ व्या वर्षी नोबेल मिळालं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी अडकलो ते तिच्या बापापाशी. स्वात खोऱ्यात तो स्वतः शाळा चालवायचा. तालिबानने मुलींच्या शाळा बंद करा म्हटल्यावरही त्याने पोरीला गप्प केलं नाही, चारचौघांत बोलू दिलं. आणि आपल्या जोतीरावांना बाप म्हणाला बायकोची शाळा सोड नाहीतर घर सोड, त्यांनी घर सोडलं. तुमच्यासमोर कुणी बंदूक घेऊन उभं नाही, दादा. वडीलच आहेत तुमचे. वहिनींना एकटीला बोलायला लावू नका.

कोर्टाच्या पायऱ्या

थोडक्यात सांगतो. मुलीचं १८ पूर्ण होण्याआधी लग्न लावलं तर २००६ च्या कायद्याने नवरदेवाबरोबर लग्न लावून देणारे वडीलधारेही गुन्हेगार ठरतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. सुपारी फुटली की पाहुणे घाई करतात, हा माझा अनुभव आहे. तारीख धरली असं कानावर आलं तर १०९८ वर, म्हणजे मुलांच्या मदतीसाठीच्या हेल्पलाइनवर, फोन करा, मुलीलाही तो नंबर पाठ असू द्या. पण आजच कायद्याची भाषा घरात काढू नका. आधी बाईंनी सांगितलं तसं बोला.

सुईदोरा

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला तीन दिवस लागले. पालखी हडपसरहून पुढे गेली, आण्णा सासवडपर्यंत चालून परत आले. काल रात्री भाकरी वाढताना मी बाईंचं वाक्य बोलले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी "काय?" म्हणून विचारलं. मग पुन्हा बोलले.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिच्या आत्याला बसमध्ये एकाने त्रास दिला होता. अकरावीला होती. मी दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद केलं." माझ्या नणंदेबद्दल हे मला सतरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई तव्यापाशी होत्या, त्या म्हणाल्या, "तिची काय चूक होती?" त्याही कधी बोलत नाहीत. मी खाली बघून वाढत राहिले. तेवढ्यात हे म्हणाले, "सकाळी कंपनीत जाताना मी सोडीन तिला." वडिलांकडे न बघता बोलले, पण बोलले. तीन चाकी भाऊ, तुमचं मी त्यांना वाचून दाखवलं होतं.

आण्णा ताटावरून उठले. हो म्हटलं नाही. कपाट अजून बंदच आहे आणि दौंडच्या पाहुण्यांना कुणी काही कळवलेलं नाही. पसंतीक्रम मात्र मी टाकून टाकलाय, सायन्सचा, आणि लेकीने बटण दाबलं. मुख्याध्यापिका बाई रविवारी घरी येते म्हणाल्यात.

आज सकाळी आण्णा माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले आणि विचारलं, "कॉलेज सुटतं किती वाजता?" मला माहीत नव्हतं. इथे कुणाची मुलगी हडपसरमध्ये अकरावी सायन्सला असेल तर नक्की वेळ सांगा. प्रॅक्टिकल असतं त्या दिवशी किती वाजतात, आणि त्या वेळेला गाडीतळावरून माळवाडीकडे यायला बस कशी मिळते, तेही सांगा. रात्री जेवायच्या आत मला त्यांना सांगायचंय.