चांगलं पेट्रोल-डिझेल कुठे भरावं? पंप निवडताना तुम्ही काय बघता?

वळणवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,
घरात दोन गाड्या आहेत, माझी टर्बो पेट्रोल आणि भावाची डिझेल. मध्यंतरी माझ्या गाडीचा पिकअप एकदम पडला. चढावर गिअर टाकायला जरा उशीर झाला की इंजिन खडखडायचं. मेकॅनिकने प्लग, कॉइल, एअर फिल्टर सगळं तपासलं, काही सापडलं नाही. ही टाकी संपू दे आणि पुढची दुसऱ्या पंपावर भर, एवढंच त्याने सुचवलं. तसं केलं आणि खडखड थांबली. एवढ्यावरून आधीच्या पंपाला दोष देणार नाही, पण पंप निवडायचा तरी कशावरून, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

कंपनीचा बोर्ड बघून काही ठरवता येतं का? महागातलं प्रीमियम भरून खरंच फरक पडतो का? आणि पाणी किंवा भेसळ आहे हे आपल्यासारख्याला कळू शकतं का? अनुभव लिहाच, पण त्यामागचं कारणही लिहिलंत तर जास्त उपयोग होईल.

टाकीफुल्ल

ज्या पंपावर सतत गर्दी असते तो धरा. खप जास्त असला की जमिनीखालच्या टाकीत माल साठून राहत नाही, ताजा येत राहतो. टॅक्सी आणि मालवाहू गाड्या रोज जिथे भरतात तो पंप सहसा चांगला निघतो. ही माणसं अ‍ॅव्हरेजचा हिशेब ठेवतात, दोन-तीन वेळा कमी पडलं की पंप बदलतात.

कार्बनसाखळी

टाकीफुल्ल यांच्याशी सहमत. मी इंधन तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बोर्डाबद्दल. एकाच भागातल्या वेगवेगळ्या कंपन्यांचे टँकर बऱ्याचदा एकाच डेपोतून भरून निघतात. मूळ पेट्रोल तेच असतं. कंपनीची स्वतःची अशी अ‍ॅडिटिव्ह्ज, म्हणजे मिसळायची खास रसायनं, असतात, ती साधारणपणे टँकर भरतानाच त्यात पडतात. डेपोतून निघताना माल बहुतेक वेळा तपासलेला असतो. बिघडतो तो पुढे, टँकरमध्ये किंवा पंपाच्या टाकीत. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन पंपांमध्ये जेवढा फरक असू शकतो, तेवढा दोन कंपन्यांच्या नीट सांभाळलेल्या पंपांमध्ये नसतो. बोर्डापेक्षा तो विशिष्ट पंप कोण आणि कसा चालवतं, हे बघा.

पाणी हा भेसळीपेक्षाही नेहमीचा त्रास आहे, आणि त्यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. झाकणाच्या फटीतून पावसाचं पाणी शिरतं, रिकाम्या टाकीतल्या हवेतला दमटपणा थंड होऊन खाली उतरतो. पाणी जड असल्यामुळे तळाशी बसतं. इंधन खेचणारी नळी तळापासून थोडी वर ठेवलेली असते, म्हणून थोडं पाणी असलं तरी ते नोझलपर्यंत येत नाही. जागरूक पंपवाला डिपस्टिकच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून नियमित तपासतो. पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. तुमच्या पंपावर हे करतात का, ते मॅनेजरला सरळ विचारा. जो करतो तो आनंदाने दाखवतो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर गोष्ट आणखी नाजूक होते. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत मुरवून घेतं. ई१०, म्हणजे दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये पाणी साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत गेलं की ही ताकद संपते, थंडीत त्याआधीच. मग पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जातात. तो थर गाडीत आला तर गाडी बंदच पडते. वर उरलेलं पेट्रोल आलं तर गाडी चालते, पण त्याचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची क्षमता, उतरलेला असतो, कारण ऑक्टेन वाढवणारं इथेनॉल त्यातून निघून गेलेलं असतं. वळणवाट, चढावर जोर लावताना होणारी खडखड कमी ऑक्टेनमुळे होऊ शकते, त्यामुळे तुमच्या मेकॅनिकचा सल्ला मला अगदी योग्य वाटतो.

आता भेसळ. सोपी चाचणी फिल्टर पेपरची. नोझलचं टोक पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाका. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, फार तर फिकट रंग राहतो. तेलकट डाग राहिला तर रॉकेल किंवा डिझेलसारखं जड काहीतरी आहे. घनताही मोजता येते: १५ अंश सेल्सिअसला पेट्रोल साधारण ७२० ते ७७५ किलो प्रति घनमीटर, आणि युरोपीय मानकाचं डिझेल ८२० ते ८४५. एवढ्या मोठ्या पट्ट्यात आकडा बसला म्हणजे झालं असं मात्र नाही. टँकरसोबत आलेल्या कागदावर जी घनता असते तिच्याशी जुळते का, ते पाहायचं. आणि हेही लक्षात ठेवा की हलकं सॉल्व्हंट आणि जड रॉकेल बेताने मिसळून घनता जुळवता येते. नापास झालेला नमुना नक्की संशयास्पद असतो, पास झालेला शंभर टक्के शुद्ध असतोच असं नाही. पक्कं उत्तर फक्त प्रयोगशाळा देते.

स्पॅनर

प्रीमियमबद्दल मी सांगतो, गॅरेजमध्ये हा प्रश्न रोज येतो.

ऑक्टेन म्हणजे ताकद असा समज आहे. दाबाखाली पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटू नये, ही सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. ज्या इंजिनाला ९१ पुरतो त्यात ९८ घातला तर पैसे जातात, जोर वाढत नाही. उलट टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ९५ लागतो असं लिहिलेलं असेल तर ९१ घालू नका. खडखड ओळखणारा नॉक सेन्सर इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे ओढून इंजिन वाचवतो, पण पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही पडतात. इंधनाच्या झाकणाच्या आतला स्टिकर किंवा गाडीचं मॅन्युअल वाचा, त्यापुढे कुणाचंही मत नको, माझंही नको. एक गोष्ट मात्र सांभाळा. अमेरिकेत पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. तिथला ८७ हा इतर बहुतेक देशांतल्या ९१ च्या आसपासचा असतो.

इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह साफ ठेवणाऱ्या डिटर्जंटचा मुद्दा वेगळा आहे, तो मला ऑक्टेनपेक्षा महत्त्वाचा वाटतो. बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी २००४ मध्ये ‘टॉप टियर’ नावाचं मानक काढलं, ते यासाठीच. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ मध्ये चाचण्या घेतल्या, तेव्हा या मानकात न बसणाऱ्या पेट्रोलने इंजिनात सरासरी १९ पट जास्त काजळी धरली. तेव्हा प्रीमियम घेताना त्यात जास्त ऑक्टेन आहे की जास्त डिटर्जंट, हे विचारून घ्या. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह काही त्याने धुतला जात नाही. इंजेक्टरला फायदा होतो.

ताई, भावाच्या डिझेलची काळजी जास्त घ्या. कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, दाब २००० बारच्या घरात जातो आणि गाडीतल्या इंधन पंपाच्या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. पाणी गेलं की गंज आणि झीज, आणि खर्च पेट्रोल गाडीच्या कितीतरी पट. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जंतू वाढून चिकट गाळही होतो, फिल्टर उघडला की काळा बुळबुळीत थर दिसतो. फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट सैल करून साचलेलं पाणी काढायला विसरू नका. आणि डिझेल कमी खपाच्या पंपावर शक्यतो घेऊच नका.

वळणवाट

कार्बनसाखळी, स्पॅनर, मनापासून आभार. स्टिकर पाहिला, ९५ लिहिलंय! भावालाही हा धागा पाठवला. दोन शंका उरल्या. पहाटे भरलं तर जास्त मिळतं म्हणतात, ते खरं का? आणि टँकर रिकामा होत असताना भरू नये म्हणतात, ते?

टाकीफुल्ल

पहाटेचं सोडून द्या. एका अंशाला पेट्रोल जेमतेम ०.१ टक्का फुगतं, आणि जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. मापाची शंका असेल तर मीटर शून्यावर आहे ना ते बघा आणि पंपावरच्या प्रमाणित मापात भरून दाखवायला सांगा. अगदी थोडं थोडं भरण्यात मापातली चूक जास्त जाणवते, एकदम जास्त भरलेलं बरं.

कार्बनसाखळी

टँकरचं मात्र पाळा. तळाचा गाळ आणि पाणी ढवळून निघतं. गाळ फिल्टर अडवतो, पण पाणी अडवणारा फिल्टर प्रत्येक पंपावर असतोच असं नाही. काही तास थांबता आलं तर थांबा, नाहीतर पुढचा पंप गाठा.

आणखी एक. अ‍ॅव्हरेज थोडं पडलं म्हणून लगेच भेसळ समजू नका. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ई१० वर तीनेक टक्के फरक पडणं स्वाभाविक आहे. त्याहून जास्त पडलं तर शोध घ्या.

दूरचा_पल्ला

लांबच्या प्रवासासाठी माझ्याकडून एवढी भर. ओळखीच्या पंपावर टाकी भरून निघतो आणि काटा अर्ध्यावर आला की पुढचा बरा पंप शोधायला लागतो. काटा तळाला गेल्यावर निवड उरत नाही, मग समोर येईल तिथे भरावं लागतं. अगदी आडबाजूच्या पंपावर भरायची वेळ आलीच तर पुढच्या मोठ्या पंपापर्यंत पुरेल एवढंच घेतो.

पावती नेहमी घ्या, आणि ज्या मशीनवर भरलं त्याचा नंबर तिच्यावर आहे ना ते तिथेच बघा. भरल्यावर काही किलोमीटरांत गाडी अडखळायला लागली तर तशीच दामटू नका. बाजूला घ्या, बंद करा, टो करून गॅरेजला न्या. टाकी रिकामी करताना थोडं इंधन स्वच्छ धातूच्या कॅनमध्ये मेकॅनिकसमोर काढून ठेवा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पेट्रोल ठेवू नका. त्याच दिवशी पंपावर आणि कंपनीकडे लेखी तक्रार करा, मशीनचा नंबर आणि भरल्याची वेळ त्यात घाला. कुठल्या टाकीतून माल आला ते त्यावरून शोधता येतं आणि तुमच्या आगेमागे भरलेल्या गाड्यांच्या तक्रारीही जुळवता येतात.