धिंडीला टाळ्या वाजवणाऱ्यांनी पंचनामाही वाचावा

कोपरीकर

आमच्या ठाणेकरांच्या समूहात परवा एका सद्गृहस्थांनी एक चित्रफीत टाकली. वस्तीत कोयते नाचवून रिक्षा आणि दुचाक्या फोडणाऱ्या चार पोरांची पोलिसांनी त्याच गल्लीतून धिंड काढली, आणि त्याखाली या गृहस्थांनी लिहिले, की असा प्रसाद दर महिन्याला मिळाला तर न्यायालयांना टाळे लावता येईल. त्यावर शंभरभर लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे.

चित्रफीत मी नीट पाहिली. दोन पोरांना धड पाय टेकवता येत नाही, एकाच्या दंडावरचे वळ उन्हात स्पष्ट दिसतात, आणि मागून एक शिपाई ‘कान धर, मोठ्याने माफी माग’ असे दरडावतो आहे. आता या प्रकाराची स्टेशन डायरीत, म्हणजे पोलीस ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद काय झाली असेल? ‘आरोपींची धिंड काढली’ असे लिहून कोणताही अधिकारी खाली सही करणार नाही. ‘घटनास्थळ पंचनाम्याकामी आरोपींना सोबत घेऊन रवाना’ एवढेच लिहिले जाईल आणि लंगडण्याचे कारण ‘पळून जाताना पडल्याने’ असे असेल. पोलिसांनी बळ वापरूच नये असे माझे म्हणणे नाही. अटकेला विरोध करणाऱ्याला आवरण्याचे आणि बेकायदेशीर जमाव पांगवण्याचे अधिकार कायद्याने त्यांना दिलेलेच आहेत. परंतु जे बळ वापरले ते कागदावर जसेच्या तसे लिहिण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांना आपण धन्यवाद कशासाठी द्यायचे?

अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर आणि दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी हे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात घालून दिले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, हा आदेश २००६ चा, प्रकाश सिंह प्रकरणातला. आपल्या राज्याने त्यासाठी कायदा दुरुस्त केला तो २०१४ मध्ये. प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह सर्वत्र, आवाज टिपणारे कॅमेरे बसवा, हे २०२० मध्ये सांगून झाले. एवढे सगळे असूनही मार खाल्लेल्या पोराची आई पहिल्यांदा नगरसेवकाच्या कार्यालयाची पायरी चढते, कारण दुसरे दार तिला कोणी दाखवलेलेच नाही.

घोडबंदरवासी

ती चित्रफीत मीच टाकली होती आणि पुन्हा टाकीन. कोपरीकरांची गाडी फुटलेली नाही, हे त्यांच्या संयमी भाषेवरूनच कळते. माझ्या रिक्षाची पुढची काच, दोन्ही आरसे आणि मीटर त्या रात्री फुटले. पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा ठाणे अंमलदाराने आधी विम्याची कागदपत्रे मागितली. ही पोरे यापूर्वीही जामिनावर सुटून आली होती आणि सुटल्याच्या संध्याकाळी त्यांनी चौकात केक कापला होता, तोही कोयत्याने! आज ती गल्लीत मान वर करून चालत नाहीत. आपली कलमे आणि निवाडे आपल्यापाशी ठेवा. आम्हांला रात्री झोप लागली, हा आमचा पुरावा.

न्यायालयाच्या पायरीवरून

गेली अनेक वर्षे ठाण्याच्या न्यायालयात फौजदारी खटले लढवते, बहुतेक वेळा आरोपींच्या बाजूने, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचे टोमणे वाचतील. घोडबंदरवासी, त्या धिंडीने सर्वाधिक आनंद कोणाला झाला असेल तर माझ्यासारख्या बचाव पक्षाच्या वकिलांना. तोडफोड रात्री झाली. म्हणजे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडून ओळख परेड, म्हणजे अनेकांच्या रांगेतून आरोपीला ओळखणे, करून घेणे महत्त्वाचे. पोलिसांनी ओळख परेड होण्यापूर्वीच आरोपींना तोंड उघडे ठेवून त्याच गल्लीतून फिरवले आणि तुम्ही ते चेहरे शेकडो भ्रमणध्वनींवर पोहोचवलेत. उद्या साक्षीदाराने पिंजऱ्यातल्या पोराकडे बोट दाखवले, की मी एकच प्रश्न विचारणार: ‘याला आपण त्या रात्री पाहिलेत की चित्रफितीत?’ मारून वदवून घेतलेला कबुलीजबाब तर पोलिसांपुढचा म्हणून पुराव्यात येतच नाही.

बदलापूरचे उदाहरणही विसरू नये. शाळेतील लहान मुलींच्या प्रकरणातल्या आरोपीला तळोजा कारागृहातून आणताना २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्रा बायपासजवळ पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागली आणि तो मेला. लोकांनी पेढे वाटले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरले, हा भाग पेढे वाटणाऱ्यांनी वाचला नाही. चकमकीत मृत्यू झाल्यास काय करावे याची नियमावली सर्वोच्च न्यायालयाने दिली तीही २३ सप्टेंबरलाच, बरोबर दहा वर्षे आधी, आणि ती महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या याचिकेतच. त्या मुलींच्या पालकांना मुख्य आरोपीविरुद्धचा निकाल मात्र आता कधीच ऐकायला मिळणार नाही.

घोडबंदरवासी

बदलापूरच्या आरोपीसाठी अश्रू ढाळणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. वकीलबाईंना पिंजऱ्यातल्या पोराची चिंता आहे, कारण फी तिकडून येते.

न्यायालयाच्या पायरीवरून

फी तुमच्याकडूनही घेईन. रिक्षाच्या नुकसानभरपाईचा अर्ज अजून केला नसेल तर या.

पोलीस लाईनमधली

माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे दोन्ही बाजूंचे वाचून सारखाच संताप येतो. धिंडीचा हुकूम शिपाई काढत नाही. तो वरून येतो, तोंडी येतो आणि चित्रफीत गाजली की वाहिन्यांसमोर वरिष्ठ उभे राहतात. प्रकरण अंगाशी आले की निलंबन मात्र ज्याच्या हातात काठी दिसते त्याचे होते. ज्याला आपण माज म्हणता त्यात थकवा किती असतो, हेही एकदा पाहा. दहीहंडीच्या बंदोबस्ताला पहाटे हजेरी लावून बाबा मध्यरात्रीनंतर घरी येत, बूट काढताना मोजा कातड्याला चिकटलेला असे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नाकाबंदी. माझी मैत्रीण आज शिपाई आहे. बंदोबस्ताच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसते म्हणून ती त्या दिवशी पाणीच पीत नाही.

नेरूळचा जुना रहिवासी

बंदोबस्ताचा विषय निघालाच आहे तर विचारतो, की हा बंदोबस्त नेमका कोणासाठी असतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करायचे असतात. आमच्या सेक्टरमध्ये मिरवणुकीच्या रात्री भिंती हादरत होत्या, पत्नीला नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, म्हणून मी तक्रारीसाठी फोन केला. गस्तीवरचे पोलीस, म्हणजे बीट मार्शल, आले, मंडळाच्या अध्यक्षाशी हसून बोलले, चहा घेतला आणि माझ्या दाराशी येऊन ‘काका, एक दिवस सांभाळून घ्या’ म्हणाले. म्हणजे कोयतेवाल्या गरीब पोराचे पाय सुजवायचे आणि व्यासपीठावर आमदार बसलेल्या मंडळापुढे हात जोडायचे!

पोलीस लाईनमधली

काका, त्या दोन बीट मार्शलांनी पाचशे नाचणाऱ्यांच्या गर्दीत शिरून ध्वनियंत्रणा जप्त करायला हवी होती का? व्यासपीठावरच्या माणसाच्या एका फोनवर त्यांची बदली होते. बाबांनी एकदा असाच ध्वनियंत्रणेचा ट्रक अडवला होता आणि पुढचे वर्षभर त्यांना मुख्यालयातच बसवून ठेवले.

नेरूळचा जुना रहिवासी

बदलीची भीती मला समजते. पण तीच भीती माझ्या पत्नीच्या छातीवर ठेवू नका. जप्ती नाही तर निदान दुसऱ्या दिवशी गुन्हा नोंदवता आला असता. गर्दी पांगल्यावर कोण अडवणार होते?

पोलीस लाईनमधली

दुसऱ्या दिवशी ते पुढच्या बंदोबस्ताला होते. गुन्हा नोंदवायला साहेबांची तोंडी परवानगी लागते, आणि हेच तर मी वर लिहिले आहे.

कोपरीकर

ताई, मग आपण एकाच गोष्टीवर भांडत आहोत. हुकूम तोंडी असतो म्हणूनच शिपाई अडकतो. धिंडीला कोणी, किती वाजता, कशासाठी परवानगी दिली हे डायरीत असते, तर आपल्या वडिलांसारख्यांना ते ढालीसारखे वापरता आले असते. नोंदीचे मोल ठाऊक करून घ्यायचे तर वाशीचे प्रकरण आठवा. ११ नोव्हेंबर २००६ रोजी कथित गुंड लखन भैयाला पोलिसांनी वाशीतून उचलले आणि त्याच रात्री वर्सोव्याला ‘चकमक’ झाली. त्याच्या वकील भावाने त्याच दिवशी तारा आणि फॅक्स धाडून ठेवले होते, म्हणून पोलिसांच्या कहाणीला तडा गेला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांना दोषी ठरवले, आणि तेव्हा सुटलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये जन्मठेप दिली. दरम्यान लखनसोबत उचलला गेलेला मुख्य साक्षीदार २०११ मध्ये साक्षीच्या तोंडावर मारला गेला. ज्यांना वकील भाऊ नाही त्यांचे काय, हा प्रश्न राहतोच.

घोडबंदरवासी

कॅमेऱ्यांच्या गोष्टी सांगू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात गोळीबार झाला तेव्हा आतले चित्रण लगेच साऱ्या वाहिन्यांवर आले. म्हणजे कॅमेरे चालतात.

न्यायालयाच्या पायरीवरून

नेमके हेच म्हणायचे होते, आपण माझे काम केलेत. माझ्या अशिलाच्या मारहाणीच्या रात्रीचे चित्रण मागितले तेव्हा उत्तर आले, की यंत्रणा देखभालीसाठी बंद होती.

घोडबंदरवासी

ठीक आहे, एवढे मान्य करतो, की पाय सुजवण्याऐवजी त्यांना सहा महिने जामीन मिळू दिला नसता तर मलाही ते अधिक आवडले असते. पण ते आपल्या व्यवस्थेला जमत नाही आणि काठी जमते, म्हणून मी काठीच्या बाजूला. चित्रफीत मात्र काढून टाकली आहे. कोपरीकरांच्या प्रवचनामुळे नव्हे, तर त्यातला एक मुलगा सतरा वर्षांचा आहे असे त्याच्या शाळेतल्या बाईंनी मला खासगीत कळवले म्हणून.

न्यायालयाच्या पायरीवरून

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार त्याची ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे, तेव्हा काढलीत ते उत्तम. मूळ प्रत पुसू नका. ती न्यायालयात लागेल.

घोडबंदरवासी

प्रत जपून ठेवली आहे. न्यायालयाने मागितली तर देईन, आपल्या अशिलाला देणार नाही. आणि नेरूळकर काका, ध्वनिक्षेपकासाठी कृपया वेगळा धागा काढा, तिथे मी आपल्या बाजूने लिहीन.