अवघड वाटेच्या पुळणी : तुमचे अनुभव सांगा

सुरूबन
कामानिमित्त दीड वर्ष जर्मनीत रोस्टॉकला होतो. तिथून लोकलने वीस-पंचवीस मिनिटांवर वार्नेम्युंडचा किनारा. त्याच्या एका भागात 'एफकेके' अशी पाटी आहे. म्हणजे इथून पुढे कपड्यांशिवाय वावरायला मुभा. पूर्व जर्मनीत ही रीत घराघरातली होती. पहिल्यांदा गेलो तेव्हा सत्तरीतलं एक जोडपं वारा अडवायला कापडी आडोसा ठोकत होतं. दोघांच्याही अंगावर चिंधी नव्हती. आजोबांनी मला खुणेने बोलावलं आणि खुंटी धरायला लावली. पहिली दहा मिनिटं मी खाली वाळूकडेच बघत होतो. मग लक्षात आलं, इथे कोणी कोणाकडे बघतच नाही. पोहून बाहेर आलो, ओल्या अंगावरून वारा गेला आणि लहानपणी आजोळच्या विहिरीवर उघडेनागडे डुंबायचो ते आठवलं.

आपल्या कोकणात असा परवानगीचा किनारा नाही. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. तेव्हा हा धागा कुणाला काही करायला सुचवत नाही. पण कातळाचा सडा उतरून, किनाऱ्यावरची खडपं ओलांडून जिथे पोचावं लागतं अशा पुळणी (वाळूचे किनारे) आपल्याकडे आहेत. तिथे गेल्यावर आपल्या अंगाचं, मनाचं काय होतं ते ऐकायचंय. जागेचं नाव लिहू नका, फोटो टाकू नका.

जांभा
देवगड तालुक्यातला अनुभव. कातळसड्यावरून पायवाट करवंदीच्या जाळीत शिरते आणि एकदम खाली सुटते. शेवटचे तीस फूट बसून, हात टेकत उतरावे लागतात. खाली पोचलं तरी पुळण दिसत नाही, आधी समुद्रात शिरलेल्या नाकाडाला वळसा घालायचा. तो वळसा फक्त ओहोटीला मोकळा असतो.

चतुर्थीचा दिवस होता. आम्ही तिघे मित्र साडेनऊला वळसा घालून गेलो तेव्हा पाणी जेमतेम घोट्यापर्यंत होतं. पुळणीवर पाऊलखूण नाही, फक्त कुर्ल्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी. तीन तास पोहलो, पडून राहिलो. एकला परत निघालो तर नाकाडावर लाटा फुटत होत्या. कालवांनी भरलेल्या खडकाला धरायला गेलो आणि तळहात फाटला. शेवटी वरच्या कपारीत अंग चोरून बसलो ते संध्याकाळी सहापर्यंत. प्यायचं पाणी एक बाटली, तीही अर्धी.

गावात परतल्यावर एका तांडेलाने (होडीवरच्या म्होरक्याने) हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी, म्हणजे चार पाऊणे तीन. तीन वाजता भरती, त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी पूर्ण ओहोटी. थोडं पुढेमागे होतं, पण कॅलेंडर बघून हे कुणालाही काढता येतं. आम्ही अवघड वाट शोधायला दोन दिवस घातले आणि तिथी बघितली नाही.

मर्यादवेल
मला सोळाव्या वर्षापासून कोड आहे. पाठीवर, दंडावर, पोटावर. त्यामुळे कधी काही अडलं नाही असं म्हणणार नाही. पहायला स्थळं आली, चहा घेऊन गेली. बावीस वर्षं मी पूर्ण बाह्यांचं पोलकं घातलं. मेमध्येसुद्धा. समुद्राच्या गावची असून पोहले ती अंगभर कपड्यात.

एकदा मामेबहिणीबरोबर वेंगुर्ल्याकडच्या एका पुळणीवर गेले. होडीशिवाय किंवा तासभर चालल्याशिवाय तिथे जाता येत नाही. ती खडपांत शिंपले शोधत लांब गेली. मी मर्यादवेलीच्या जांभळ्या फुलांशेजारी पालथी पडले आणि पाठीवरून कपडा काढला. एवढंच. वर्णन करायला फार काही नाही. ऊन पाठीला लागतं तेव्हा कसं लागतं हे मला आठवत नव्हतं. कडेकडेने वाळू चिकटली होती, वाऱ्याने ती एकेक कण उडत होती आणि ते मला कळत होतं.

डोळा लागला. जाग आली तर कालवं काढून परतणारी एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन उभी. मी कपड्याकडे हात नेला. ती म्हणाली, "गो चेडवा, पाठ भाजतली तुझी उन्हान." आणि टोपलीवरचं ओलं फडकं काढून माझ्या पाठीवर टाकलं. खंयसून इलंस, कोणाचं, काही विचारलं नाही. कोडाच्या डागांत रंगद्रव्य नसतं, तिथली कातडी लवकर करपते. डॉक्टरांनी हे मला सांगितलं होतं. तिने नुसतं बघून ओळखलं. फडक्याला कालवांचा वास होता. ते अजून माझ्याकडे आहे.

रापणकर
मी अशाच एका पुळणीच्या वाडीतला. तुम्ही 'निर्मनुष्य' लिहिता ते वाचून वाईट वाटतं. पहाटे आमची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागते. ओहोटीला बायका कालवांना जातात. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री कासवं अंडी घालायला चढतात. शेकोटी, टॉर्च दिसला की मादी तशीच परत फिरते. कडेला राखणदाराचं, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाचं ठिकाण आहे, तिथे आम्ही चपला काढतो. वरच्या ताईंनी केलं त्यात मला गैर वाटत नाही. पण बाटल्या घेऊन येणारे, बायका कालवं काढत असताना समोर उघडे फिरणारे आम्ही पाहिलेत. गावात आधी एका घरी बसा, पाणी प्या, सांगा आम्ही खाली जातोय. कोण कधी येतं हे आम्हीच सांगू.

सुरूबन
हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वार्नेम्युंडला पाटी होती, इथे विचारायचं घर आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मर्यादवेल
रापणकरदादा, मी आता तिथल्या वाडीत विचारून जाते. जांभा यांचा हिशोब करून पाहिला : तृतीयेला तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे सकाळी आठची ओहोटी. भाचीच्या गुडघ्याखाली या वर्षी पहिला डाग उमटलाय. ती नऊ वर्षांची आहे आणि गेले दोन महिने फ्रॉक घालत नाही. तिला घेऊन उतरणार आहे. छत्री आणि ते फडकं बरोबर घेतलंय.